काटा येईपर्यंत

साहेब, ती नऊ पिल्लं तुम्ही मारलीत.

थंडीनं नाही, रोगानं नाही, आणि माझ्या आत्यानं तर नाहीच नाही. तुमच्या अहवालात काय लिहिलंय ते मी चार वेळा वाचलंय. 'परिचर बाईंचा निष्काळजीपणा.' बावीस वर्षं जी बाई शेळी कण्हायला लागली की हातातला घास ताटात टाकून पळाली, तिचा निष्काळजीपणा! हे लिहिताना तुमचा हात अडखळला नाही, याचं मला नवल वाटत नाही. तुमचा हात कधी पिल्लाच्या तोंडात गेलाच नाही. गेला असता तर कळलं असतं की जिवंत पिल्लाचं तोंड आतून कोमट असतं आणि मरायला टेकलेल्याचं गार, नळाखाली धरलेल्या दगडासारखं.

घडलं ते सगळं क्रमानं सांगते. तुम्ही त्या दिवशी तिथं नव्हता.

आमचं तीन नंबरचं शेड तुम्ही बाहेरून पाहिलंय. आत एका बाजूला शेळ्या, दुसऱ्या बाजूला मेंढ्या, मधून सिमेंटची वाट. टोकाला व्यायला आलेल्या जनावरांचे सहा कप्पे आणि त्याला लागून आत्याची खोली. खोलीला दार दोन बाजूंनी, एक बाहेर, एक शेडमध्ये. बाहेरचं दार वापरलेलं मी फारसं पाहिलं नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची बहीण, पण शेडवर सगळेच तिला आत्या म्हणतात, डॉक्टरसुद्धा. मला तिनंच या कामावर आणलं आणि तिनंच शिकवलं.

तिची पद्धत साधी. पिल्लू बाहेर आलं की बोटानं तोंड-नाक मोकळं करायचं. वाळल्या गवतानं खसाखसा पुसायचं. नाळ औषधाच्या वाटीत बुडवायची. मग आईच्या सडातून दोन धारा जमिनीवर सोडायच्या, कारण सडाच्या तोंडाशी मेणासारखा बूच बसलेला असतो आणि पिल्लू बिचारं ओढून ओढून दमतं. आणि मग पिल्लू कासेला लावायचं. पहिला चीक पोटात गेलाच पाहिजे, तासाभराच्या आत. पिल्लू जन्मतं तेव्हा अंगात ना ऊब साठवलेली असते ना रोगाशी लढायची ताकद. दोन्ही त्या चिकात असतं. "आधी पोट, मग नाव, मग गाव," आत्या म्हणायची. हे तिचंच वाक्य. नाव म्हणजे कानातला बिल्ला, गाव म्हणजे कोणत्या कप्प्यात जायचं ते.

मग तुमचा कागद आला.

तो मीच तिला वाचून दाखवला, कप्प्याच्या फळीवर बसून. "पिल्लास कोणताही पदार्थ देण्यापूर्वी अथवा लावण्यापूर्वी, अधिकृत काट्यावर, नोंदणी कर्मचाऱ्याच्या समक्ष जन्मवजन घ्यावे. कसूर झाल्यास परिचरास जबाबदार धरण्यात येईल."

आत्यानं विचारलं, "काटा कुठंय?"

"कार्यालयात. कपाटात."

"किल्ली?"

"साहेबांकडे."

"आणि शेळी कुणाला विचारून व्यायची?"

आम्ही दोघी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

कागद का काढला ते नंतर कळलं. तुमच्या खोलीतल्या भिंतीवर तक्ता आहे, सरासरी जन्मवजनाचा, लाल रेघ वर वर चाललेली. वरच्या कार्यालयातून कुणीतरी शंका काढली की एवढी वाढ खरी कशावरून, पोटात चीक असताना वजन घेतलं असेल. तुम्हाला ते झोंबलं. म्हणून काटा कुलपात गेला, म्हणून काटेवाला नेमला, आणि म्हणून पिल्लाच्या तोंडाआधी तुमची रेघ आली.

काटेवाला माणूस वाईट नाही. वजनाचा काटा दोन्ही हातांत धरून यायचा, जसं काही त्यात पाणी भरलंय. पहिले काही दिवस निभावलं. जनावरं कामाच्या वेळेत व्यायली, तो अर्ध्या-पाऊण तासात यायचा. एकदाच उशीर झाला तेव्हा आत्यानं एका कोकराला पाजलं. काटेवाल्याला त्याच्या ओठाला पिवळा चीक दिसला. त्यानं शेरा लिहिला, आणि तुम्ही आत्याला पत्र दिलंत. पुन्हा घडल्यास कामावरून कमी करण्यात येईल. खोली सोडावी लागेल, तेही त्यातच.

आत्या त्या दिवशी जेवली नाही. "मला या शेडबाहेर काय येतं गं?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, "काही होत नाही." मला काय माहीत होतं!

मग तो रविवार.

हवा इतकी बोचरी होती की पाण्याच्या कुंडावर जनावरं तोंड लावून मागं सरत होती. सव्वासहाला पहिली शेळी व्यायली, दोन करडं. तिच्यामागं लगेच एक मेंढी. मग लागूनच रांग. कधी कधी होतं असं, एका आठवड्यात फळलेली जनावरं एकाच दिवशी मोकळी होतात. दहापर्यंत चार शेळ्या आणि तीन मेंढ्या. आठ करडं, तीन कोकरं. अकराच्या अकरा जिवंत, पायांवर उभी राहायला धडपडणारी. असा दिवस वर्षातून एखादाच येतो, साहेब. इतर वेळी आत्यानं शेडभर मिरवलं असतं.

सात वाजता मी काटेवाल्याला फोन केला.

"ताई, आज रविवार."

"शेळ्यांना सांगते तसं."

"अहो, किल्ली माझ्याकडे नाही. साहेबांना विचारा."

तुम्हाला फोन लावला. आठवतंय ना? मागं गाणी चालली होती, भांड्यांचा आवाज येत होता. मी सांगितलं की पिल्लं झालीत, काटा नाही, पाजू का. तुम्ही म्हणालात, "नियम माहीत आहे ना? मग मला काय विचारता? मी बाहेरगावी आहे, दोनपर्यंत माणूस पोचेल असं बघतो."

"दोन म्हणजे सात-आठ तास होतील, साहेब."

"जनावरं आहेत ती, बाई. रानात काय लगेच सगळं मिळतं का?"

रानात लगेच मिळतं, साहेब. रानात आई आणि पिल्लू यांच्यामध्ये काटा नसतो.

अकराला परत फोन केला, तुम्ही उचलला नाही. एकला केला, बंद होता.

आता माझा भाग. मी तो लपवणार नाही. पिल्लू आईजवळ राहिलं तर कासेला लागणारच, त्याला परिपत्रक वाचता येत नाही. म्हणून आया चाटून झाल्या की आम्ही पिल्लं उचलली आणि फळ्यांच्या पेट्यांत ठेवली, खाली गवत, वर गोणपाट. पेट्यांचे दोर मी बांधले. माझ्या हातांनी. आया फळ्यांना धडका देत होत्या. एका मेंढीची कास इतकी तटतटली होती की ती पाय फाकवून उभी होती आणि चीक आपोआप ठिबकत होता, खाली सिमेंटवर. तिचं कोकरू दोन हातांवर, उपाशी. आत्या ते बघत उभी होती आणि हाताची घडी घालत होती, सोडत होती, परत घालत होती.

नाळेचं औषधही लावलं नाही. 'लावण्यापूर्वी' असं लिहिलंय ना! मागं काटेवाल्याला विचारलं होतं तर तो म्हणाला होता, "ताई, औषधाचंही वजन असतं." साहेब, चार थेंबांचं?

दुपारी बारानंतर पेट्यांतला आवाज कमी झाला. अगोदर सगळी एका सुरात ओरडत होती, कान किटत होते. मग एकेक गप्प होत गेलं. मला वाटलं, झोपली. आत्यानं गोणपाट उचलून एकाच्या तोंडात बोट घातलं. बोट काढलं आणि लुगड्याला पुसलं, पुसतच राहिली.

तिळ्यांमधलं एक करडू होतं, काळं, एक कान पांढरा, मुठीत मावेल एवढं. त्याच्या आईचा एक सड मुका होता, दूध न येणारा, म्हणजे तसंही त्याच्या वाट्याला शेवटचंच येणार. आत्यानं त्याच्या आईचा चीक वाटीत काढला, त्याला उचललं, खोलीत गेली, शेडकडचं दार ओढून घेतलं. मी बाहेर उभी राहिले. पाच मिनिटांनी आली तेव्हा करडू तिच्या शालीत होतं आणि हातातली वाटी रिकामी होती.

"आत्या, पत्र!" मी म्हटलं.

"एकच," ती म्हणाली. "एकाला कोण बघतंय?"

मग तिनं दुसऱ्या पेटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तेवढ्यात बाहेर मोटारसायकल वाजली आणि आम्हाला दोघींना वाटलं, आला. आला म्हणून आम्ही थांबलो. तो दूधवाला निघाला. पण तोपर्यंत आत्याचा धीर सुटला होता. तिनं वाटी धुऊन फळीवर पालथी घातली. माझ्या डोळ्यांपुढून ती पालथी वाटी जात नाही.

काटेवाला साडेतीनला आला. धापा टाकत आला, खोटं का बोलू. किल्ली आणायला तुमच्या घरी, तिथून कार्यालयात, तिथून इथं. पेट्या उघडल्या तेव्हा दोन करडं मेलेली होती.

"यांचं काय करायचं?" मी विचारलं.

त्यानं नोंदवही उघडली, बंद केली, परत उघडली. "वजन घ्यावं लागेल. जन्मली तर होती ना." आणि मान वर न करता म्हणाला, "ताई, मी तरी काय करू?"

मेलेल्या दोघांचं वजन घेतलं, साहेब. एक किलो नऊशे. दोन किलो शंभर. चांगली वजनाची करडं होती. काळ्या करडाशी आला तेव्हा त्यानं त्याचं पोट चाचपलं, ओठ पाहिला, आत्याकडे पाहिलं. आत्यानं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. त्यानं लिहिलं, 'नोंद शंकास्पद.'

तो गेल्याबरोबर आम्ही धावलो. आत्यानं दिवा लावला, पिवळा मोठा, ऊब देणारा, आणि उरलेली आठ पिल्लं त्याखाली एका ओळीत ठेवली. आधी ऊब, मग चीक, गार पिल्लाला पाजलं तर घशात अडकतं, एवढं तिला ठाऊक होतं. आणि खरंच, थोड्या वेळात एक कोकरू हललं. मी म्हटलं, "बघ, बघ!" आणि ते कोकरू ताठ झालं, मान मागं ओढली गेली, पाय झाडले आणि गेलं. त्याच्या शेजारचंही तसंच. मग तिसरं.

मी डॉक्टरला फोन केला. तो सुट्टीचा दिवस असूनही पाऊण तासात आला, चपलांवर. आल्या आल्या ओरडला, "दिवा बंद! बंद करा आधी!"

त्यानं समजावलं ते असं. पाच तासांहून जास्त उपाशी आणि गार पडलेलं पिल्लू असेल तर आधी पोटात सुईनं कोमट साखरपाणी द्यायचं आणि मगच ऊब. उपाशी अंगाला ऊब दिली की उरलीसुरली साखर एका दमात जळते आणि पिल्लू झटके येऊन जातं.

आत्यानं विचारलं, "म्हणजे मी मारली?"

डॉक्टरनं सुई भरायला घेतली. मग म्हणाला, "आत्या, तुम्हाला हे कधी माहीत असायची गरजच पडली नाही."

हे नीट ऐका, साहेब, कारण तुमच्या अहवालाचा सगळा डोलारा यावर उभा आहे. बावीस वर्षांत आत्याच्या हातातलं एकही पिल्लू नऊ तास उपाशी राहिलं नव्हतं. अशा पिल्लाचं काय करायचं, हे तिला येत नव्हतं, कारण असं पिल्लू तिनं कधी होऊच दिलं नव्हतं. ते तुम्ही घडवलंत, आणि तिला येत नाही म्हणून तिलाच धरलंत.

डॉक्टरनं उरलेल्यांना सुया दिल्या. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गेली, दुसऱ्या दिवशी आणखी दोन. नऊ. राहिलं एक कोकरू आणि ते काळं करडू. कोकराची नाळ पिकली, सहाव्या दिवशी पुढचे दोन्ही गुडघे लिंबाएवढे सुजले. ते आता गुडघ्यांवर चालतं, आईच्या मागं, आणि आई दर दोन पावलांना थांबते. ते चार थेंब औषध वेळेवर लागलं असतं तर ते पायांवर चाललं असतं. डॉक्टरनं एकेक पिल्लू फाडून पाहिलं आणि कागदावर लिहिलं, 'जठर पूर्ण रिकामे.' नऊ वेळा लिहिलं. तो कागद तुमच्या अहवालाला जोडलेला नाही. का, ते तुम्हालाच ठाऊक.

गुरुवारी चौकशी बसली. तुम्ही, तुमच्या डाव्या-उजव्या हाताला दोघे, टेबलावर पाण्याच्या बाटल्या. आत्याला खुर्ची नव्हती. मी विचारलं तर तुम्ही म्हणालात, "पाच मिनिटांचं काम आहे." तुमच्या मागं भिंतीवर तक्ता होता. लाल रेघ आणखी वर गेलेली. त्या अकरांचं वजन त्यात धरलं होतं, साहेब. मेलेल्यांचंही. रिकाम्या पोटाचं, शुद्ध, अधिकृत काट्यावरचं. आकडा चांगला आला असणार.

"पिल्लांना वेळेवर चीक का पाजला नाही?" तुम्ही विचारलंत.

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. "तुमचा कागद होता, साहेब."

"कागदात 'पाजू नका' असं कुठं लिहिलंय? दाखवा."

मी म्हटलं, "वजन घेतल्याशिवाय काही द्यायचं नाही, असं आहे. आणि काटा तुमच्या कुलपात."

"तुम्हाला बोलावलेलं नाही. बाई, परिस्थिती पाहून निर्णय घेणं हे परिचराचं काम नाही का? बावीस वर्षांचा अनुभव ना तुमचा?"

तुमच्या उजव्या हाताचा मान डोलावत होता. डावा बाटलीचं झाकण फिरवत होता.

मग तुम्ही पान उलटलंत. "आणि हे काळं करडू. 'नोंद शंकास्पद.' याला वजनाआधी पाजलंत?"

"पाजलं."

"म्हणजे आदेश मोडलात. पूर्वी लेखी समज देऊनसुद्धा."

आत्याला वाद घालता येत नाही. ती शेळ्यांशी बोलते तेवढीच बोलणारी बाई आहे. पण त्या दिवशी ती म्हणाली, आणि तिघांनीही ऐकलं, "साहेब, नाही पाजलं ती मेली, म्हणून मी दोषी. पाजलं ते जगलं, म्हणूनही मी दोषी. मग मी करायचं काय होतं, तेवढं सांगा."

तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय? "प्रश्न आम्ही विचारतो."

अहवालात दोन्ही आरोप आहेत, एकाखाली एक, क्रमांक टाकून. दोन्हींमध्ये बोटभर जागासुद्धा नाही. पहिल्यात तिनं पाजलं नाही, दुसऱ्यात तिनं पाजलं. लिहिणाऱ्यालाही हसू आलं नाही.

आत्यानं मंगळवारी खोली सोडली. शेडमधल्या दारानं गेली नाही, बाहेरच्यानं गेली. ते दार फुगून बसलं होतं, मला खांद्यानं ढकलावं लागलं. सामान फार नव्हतं. आता माझ्या घरी चुलीजवळ बसते आणि मध्येच विचारते, "दिवा मी लावला ना गं?" मी नाही म्हणते. ती ऐकत नाही. तुम्ही तिची नोकरी घेतली ती घेतलीत, पण ती झोपेत दिवा मालवायला उठते, ते कुठल्या कलमात बसतं?

काळं करडू पाच किलोचं झालंय. माझ्या स्वतःच्या काट्यावर, भरल्या पोटी. तुमच्या तक्त्यात ते नाही. शंकास्पद ना!

आज शनिवार आहे. तीन नंबरच्या शेडमध्ये मी एकटी आहे. चार आणि पाच नंबरच्या कप्प्यातल्या शेळ्यांच्या कासा भरून आल्यात, शेपटीच्या मुळाशी हाडं सैल पडलीत, एक सकाळपासून पायानं गवत उकरतेय. उद्या उजाडेपर्यंत दोघी मोकळ्या होतील. उद्या रविवार. काटा कपाटात आहे, किल्ली तुमच्याकडे, आणि तो कागद अजून रद्द झालेला नाही. मी काल कार्यालयात जाऊन विचारलं. "साहेब बघतील," असं उत्तर मिळालं.

मी पाजणार आहे. हे इथं लिहून देतेय, खाली सही करतेय, म्हणजे तुम्हाला शंकास्पद लिहायचे कष्ट नकोत. काढायचं तर मलाही काढा.

पण त्याआधी आत्याच्या प्रश्नाचं उत्तर पाहिजे. त्या खोलीत तुम्ही ते टाळलंत, इथं टाळू नका. मला समिती नको, खुलासा नको, 'परिस्थितीनुसार' हा शब्द तर मुळीच नको. उद्या सकाळी करडू जमिनीवर पडेल, ओलं, कापणारं, तोंड उघडं. काटा आलेला नसेल. त्याला पाजायचं की नाही?

हो किंवा नाही. तुमच्या हातानं, तुमच्या सहीनं, आज संध्याकाळच्या आत.